अडचणींचं रजिस्टर

सियागंजातून आणलेलं, जाड पुठ्ठ्याचं,
लाल कापडी पाठीचं. उधारीसाठी छापलेलं:
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
तांबवेकर बाईंनी दोन्ही शब्द खोडले,
डावीकडे लिहिलं अडचण,
उजवीकडे उत्तर.

मिलच्या मशीन रूममध्ये खिळ्याला टांगलेलं असे.
सुतळीला पेन. दर महिन्याला
पेन जाई, सुतळी राही.

पहिल्या पानावर बाईंचा एकच नियम:
विचारणाऱ्याला हसू नये.
खाली कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
हसल्यास चहा पाजावा.
पहिल्या वर्षी मी सोळा चहा पाजले,
दुसऱ्या वर्षी मलाच एकवीस मिळाले.

आता मी ते टाइप करते आहे, रोज चार पानं.
मुळ्ये 'सूची' ऱ्हस्व लिहायचे, तर ऱ्हस्वच.
पोरवालचं चुकलेलं उत्तर, त्यावर बाईंची लाल रेघ,
आणि रेघेखाली पोरवाल:
'मान्य आहे. पण रात्री दोन वाजता हेच चाललं होतं.'
रेघ कशी टाइप करायची, ते अजून ठरत नाही.

पान अठ्ठ्याऐंशी. वयाला दोनच घरं ठेवलेली,
म्हणून यादीत आलं:
देवचंद यादव, वय एक वर्ष, नोकरी छत्तीस वर्षं.
उजवीकडे उत्तर दीड ओळीचं,
आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत
'यांना पेढे पाठवा.'
पाठवले होते. परदेशीपुऱ्यात, सायकलवरून, मीच नेले.
म्हातारा म्हणाला, मशीनला सांग,
पुढच्या वर्षी दोन.

समोरच्या ब्लॉकमधली तितिक्षा संध्याकाळी येते.
विजयनगरच्या कुठल्याशा कंपनीत हेच काम करते,
म्हणजे हेच नव्हे.
बटले सोलता सोलता म्हणते,
मावशी, ही भाषा मेली,
ते मशीन किलोवर विकलं गेलं.
ही उत्तरं आता लागू कुणाला पडणार?
मला उत्तर सुचलं नाही.
मी तिच्यापुढे सालींची परात सारली
आणि वरून रजिस्टर.

ती वाचत बसली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग दोनशे चौदाव्या पानावर थांबली.
डावीकडे मन्सूरी, मालवी वळणाची मराठी:
'पगार नऊशे. एकतीसच्या महिन्यात
सात पैसे कमी येऊन राहिले.
फेब्रुवारीत आठ. तीसच्या महिन्यात बराबर.
मॅडम, हे पैसे जातात कुठे?'
उजवीकडे कोरं.
त्याच आठवड्यात मिलच्या फाटकाला कुलूप लागलं.
बाई नाशिकला भावाकडे गेल्या, पोरवालने किराणा टाकला,
मी जाताना रजिस्टर खिळ्यावरून काढून
डब्याच्या पिशवीत घातलं. चोरीच म्हणा.

मी सांगितलं, हे पान मी असंच ठेवणार आहे. कोरं.
ती काही बोलली नाही.

सकाळी रजिस्टर दाराशी, दुधाच्या पिशवीशेजारी.
पान दोनशे चौदा, उजवीकडे, निळ्या पेनाने,
हल्लीच्या मुलांचं असतं तसं
क्वचित लिहिणाऱ्या हाताचं, वाकडं अक्षर:
'मन्सूरी सर, तुम्ही रोजच्या रोज गोल करत होता.
नऊशेला एकतीसने भागून एकोणतीस रुपये तीन पैसे धरलेत,
मागचा चुरा दररोज टाकून दिलात.
चुरा महिनाभर साठवायचा,
गोल एकदाच, शेवटी.
पैसे कुणी खाल्लेले नाहीत.
— तितिक्षा'
आणि त्याखाली, बारीक:
'हसले नाही.'

मी रागावणार होते. पेनने लिहिलं म्हणून,
तेहेतीस वर्षांचं कोरेपण गेलं म्हणून.
चष्मा पुसला. ते पानही टाइप केलं,
तिचं एकही अक्षर सरळ न करता.

मग रजिस्टरची मागची बाजू उलटली.
तिथे सगळ्यांचे घरचे नंबर आहेत.
मन्सूरी, जूनी इंदूर, पाच आकडी.
पाच आकडे लावून मी फोन कानाशी धरला.
बाई म्हणाली, कृपया नंबर तपासून पाहा.
तपासला. बरोबर आहे.
अक्षर त्याचंच आहे.